ताग नेमका कधी गाडायचा? हिरवळीच्या खताच्या वेळेविषयीच्या मतांचा आढावा

हिरवळीच्या खतावरची कुठलीही मराठी माहितीपत्रिका उघडा, एक वाक्य हमखास सापडते: पीक ४५ ते ५० दिवसांचे झाले, फुलोऱ्यावर आले की गाडावे. ताग असो, धैंचा असो की चवळी, सल्ला तोच. प्रत्यक्ष रानात हा मुहूर्त साधणे फार थोड्यांना जमते. पंचेचाळिसावा दिवस उजाडतो तेव्हा झड लागलेली असते आणि काळ्या रानात ट्रॅक्टर घालणे शक्य नसते. नाहीतर पावसाने ओढ दिलेली असते, माती कोरडीठाक असते आणि अशा मातीत गाडलेले पीक कुजण्याऐवजी नुसते वाळून पडते. रोटाव्हेटरवाला आठ दिवसांनी येतो म्हणतो. त्यातच एखादा जाणता शेजारी सांगतो, एवढी घाई कशाला, काडी जरा भरू दे.

हा ४५-५० दिवसांचा आकडा किती पक्का आहे? दहा दिवस आधी गाडले तर काय हुकते आणि तीन आठवडे उशीर झाला तर काय बिघडते? यावर शास्त्रज्ञांत आणि प्रयोगशील शेतकऱ्यांत एकमत नाही. मतभेद नीट पाहिले तर लक्षात येते की ज्याला जमिनीकडून जे हवे आहे, त्याप्रमाणे तो वेळ सांगतो आहे. महाराष्ट्रातल्या जमिनी आणि पीकपद्धती समोर ठेवून या मतांचा आढावा इथे घेतला आहे.

आकड्यामागची पार्श्वभूमी

द्विदल पिकाचा बेवड चांगला, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागले नाही. तो का चांगला, याचा उलगडा एकोणिसाव्या शतकात झाला. फ्रान्समध्ये बूसिंगो यांनी १८३८ मध्ये दाखवले की क्लोव्हरसारखी पिके घेतली की नत्रात भर पडते आणि ही भर जमिनीतून आलेली नसते. जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी १८८६ मध्ये त्याचा संबंध मुळांवरच्या गाठींशी जोडला. दोन वर्षांत नेदरलँड्सचे बायरिंक यांनी त्या गाठींतला जिवाणू वेगळा काढला. त्यानंतर हिरवळीचे खत हा रीतसर अभ्यासाचा विषय झाला आणि अमेरिकेत १९२७ मध्ये पीटर्स यांचे त्यावरचे स्वतंत्र पुस्तकही आले.

आपल्याकडच्या वादाची पाळेमुळे अल्बर्ट हॉवर्ड यांच्या कामात सापडतात. पुसा आणि नंतर इंदूर इथे काम केलेल्या हॉवर्ड यांचे नाव कंपोस्टमुळे सर्वांना ठाऊक आहे. पण कंपोस्टकडे वळण्याआधी त्यांनी तागाच्या हिरवळीच्या खताचा बराच विचार केला होता. ते खत एका वर्षी उत्तम फळते आणि दुसऱ्या वर्षी त्याचा मागमूस राहत नाही, ही विसंगती त्यांना खटकत होती. त्यांनी काढलेला निष्कर्ष आजही महत्त्वाचा आहे: पीक गाडल्यानंतर ते कुजायला पुरेसा ओलावा, हवा आणि दिवस मिळाले नाहीत तर पुढच्या पिकाला फायदा होत नाही, उलट तोटाही होऊ शकतो. उत्तर प्रदेशातल्या शाहजहांपूरला क्लार्क यांनी उसासाठी ताग गाडण्याची पद्धत बसवली होती. तिचे यशही गाडणीनंतर पडणाऱ्या पावसावर अवलंबून असल्याचे हॉवर्ड यांनी नमूद केले आहे.

म्हणजे या विषयात पहिल्यापासून दोन वेळा आहेत. एक पिकाच्या वयाची, दुसरी गाडणी आणि पुढची पेरणी यांच्यामधल्या अंतराची. माहितीपत्रिकांनी पहिली ठळक केली आणि दुसरी एखाद्या ओळीत उरकली. माझ्या मते आजचा बराचसा गोंधळ इथूनच सुरू होतो.

रोपात काय बदलत जाते

बांधावर उभे राहून तागाकडे पाहिले तर तीस दिवसांपर्यंत पीक बेताचेच दिसते. मग पावसाची साथ असेल तर ते झपाट्याने उंचावते आणि पन्नासाव्या दिवसापर्यंत छातीला लागते. या काळात एखादे रोप ओलसर मातीतून हळूच उपटून मुळे पाण्यात धुवावीत. मुळांवरच्या गाठी नखाने फोडल्या की आतला गर गुलाबी किंवा तांबूस दिसतो. गाठ नत्र बांधत असल्याची ती खूण. फुले येऊन शेंगा धरू लागल्या की रोप आपली साखर शेंगांकडे वळवते, गाठींची उपासमार होते आणि आतला गर हिरवट, मग तपकिरी होत जातो.

तेच खोड मधोमध वाकवून पाहावे. पंधरवड्याआधी ते कडकन मोडत होते, दोन तुकडे वेगळे होत होते. आता मोडले तरी साल तुटत नाही, लांब धागे सुटत राहतात. ज्या धाग्यासाठी ताग पूर्वापार पेरला जातो तो तयार होऊ लागला आहे आणि हा धागा कुजायला वेळ घेतो. रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळून यंत्र थांबवणारा धागाही हाच.

कृषिशास्त्र हाच बदल कर्ब आणि नत्र यांच्या गुणोत्तरात सांगते. जमिनीतल्या जिवाणूंच्या शरीरात नत्राच्या एका भागाला कर्बाचे साधारण आठ भाग असतात. एवढा कर्ब अंगी लावताना ते आणखी सोळा भाग श्वसनात खर्च करतात. म्हणून चोवीसास एक हे गुणोत्तर त्यांच्या गरजेला पुरते. त्यापेक्षा कर्ब कमी असेल तर उरलेला नत्र जमिनीत मोकळा होतो. कर्ब जास्त असेल तर जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि उगवलेले पीक काही आठवडे पिवळे पडते. कोवळ्या तागाची पाने आणि शेंडे या रेषेच्या बरेच आत असतात, दहा-पंधराच्या आसपास. जून खोड चाळिशीच्याही पुढे जाते. एकाच झाडाचे दोन भाग दोन वेगवेगळ्या खतांसारखे वागतात आणि वयाबरोबर त्यांचे प्रमाण बदलत जाते.

नत्राची एकूण बेरीज मात्र फुलोऱ्यापर्यंत वाढतच राहते. हेक्टरी १५ टन हिरवा ताग मिळाला आणि त्यात नत्र ०.४३ टक्के धरले, तर सुमारे ६५ किलो नत्र होते. युरियाच्या हिशोबात ती ४५ किलोची तीन पोती. पीक तीस दिवसांचे असतानाच गाडले तर टक्केवारी जास्त भरेल, पण पाला इतका कमी की एकूण नत्र तुटपुंजेच राहील. उलट फार थांबले तर वजन वाढते आणि प्रत कडक होत जाते. वाढते वजन आणि घसरती प्रत यांच्यातली तडजोड म्हणजे ४५-५० दिवस. तडजोड म्हणून हा आकडा रास्त आहे.

पण त्यात एक अडचण आहे. ताग हे दिवस लहान होऊ लागले की फुलणारे पीक आहे. जूनमध्ये पेरलेला ताग बराच काळ पाल्यात वाढतो. तोच ऑगस्टअखेर पेरला तर उंची जेमतेम असताना फुलावर येतो. त्यामुळे ‘४५ ते ५० दिवस’ आणि ‘फुलोऱ्याची सुरुवात’ या एकाच वाक्यातल्या दोन अटी पुष्कळदा एकमेकींशी जुळत नाहीत. कोणती पाळायची, हे पत्रिका सांगत नाही. मला विचाराल तर दिवस मोजण्यापेक्षा खोड वाकवून पाहावे आणि गाठ फोडून पाहावी.

कोवळे गाडावे, असे म्हणणारे

कृषी विद्यापीठांची शिफारस याच बाजूची आहे आणि तिच्यामागे भरपूर प्रयोगांचे बळ आहे. हिरवळीचे पीक हे नत्राचे खत आहे, हा या मताचा पाया. पुढच्या पिकाला पहिल्या सहा-आठ आठवड्यांत नत्र हवे असते, म्हणून लवकर सुटणारा, कमी तंतूचा पाला हवा.

या विचाराला नेमका आकार दिला तो उष्ण कटिबंधातल्या जमिनींवर काम करणाऱ्या संशोधकांनी. पाल्यातून नत्र सुटण्याची वेळ आणि पिकाने ते उचलण्याची वेळ यांचा मेळ घालायचा, हे त्यांच्या कामाचे सूत्र. शेरिल पाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेली कसोटी पुष्कळ वापरली जाते: पाल्यात नत्र २.५ टक्क्यांहून जास्त, लिग्निन १५ टक्क्यांहून कमी आणि पॉलिफिनॉल ४ टक्क्यांहून कमी असेल, तर तो थेट मातीत मिसळावा. यात न बसणारा पाला रासायनिक खताबरोबर द्यावा, कंपोस्टात घालावा किंवा आच्छादनाला वापरावा. गिरिपुष्पाचा पाला आणि कोवळा धैंचा थेट मिसळण्याच्या गटात बसतात. या कसोटीत दिवस कुठेच नाहीत, प्रत आहे. त्यामुळे जमीन, वाण आणि हंगाम बदलला तरी ती लागू पडते.

या बाजूची मर्यादाही तिचे समर्थक मान्य करतात. कोवळा पाला जितक्या लवकर सुटतो तितक्याच लवकर वाया जाऊ शकतो. ऑगस्टच्या संततधारेत हलक्या जमिनीत गाडलेल्या तागातला नत्र नायट्रेट होऊन निचऱ्याबरोबर खाली जातो. भारी, तुंबणाऱ्या जमिनीत तो वायुरूपाने उडतो. पुढची पेरणी दोन महिने लांब असेल तर लवकर सुटलेल्या नत्राचा त्या पिकाला काय उपयोग, हा प्रश्न उरतोच.

जून होऊ द्यावे, असे म्हणणारे

कोल्हापूरचे शेतकरी-लेखक प्रताप चिपळूणकर यांनी बिननांगरणीची शेती करताना वेगळी भूमिका घेतली. कोवळा, रसदार पाला लवकर कुजतो आणि लवकर संपतो, त्याच्यापासून टिकाऊ सेंद्रिय कर्ब बनत नाही. जून, कडक अवशेष सावकाश कुजतात आणि जमिनीची घडण त्यांनीच सुधारते, असे त्यांचे म्हणणे. त्यातही जमिनीवरच्या पाल्यापेक्षा जमिनीतल्या मुळांना आणि धसकटांना ते जास्त मोल देतात. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पद्धतीतही मुळे जागेवर ठेवून न नांगरता पुढचे पीक घेण्यावर भर आहे. उद्दिष्ट या हंगामातला नत्र नसून पाच-दहा वर्षांतला मातीचा पोत असेल, तर थांबण्याला कारण आहे.

नांगर न लावणाऱ्यांना थांबावे लागण्याचे एक यांत्रिक कारणही आहे. ब्राझीलमध्ये आणि अमेरिकेत आच्छादन-पीक जड, धारदार पट्ट्यांच्या रुळाने आडवे पाडून, खोड चेचून मारतात आणि त्या गादीतच पुढचे पीक टोकतात. हिवाळी वाटाणावर्गीय व्हेच हे पीक फुलोऱ्याआधी असे आडवे केले तर ते पुन्हा डोके वर काढते. भर फुलोऱ्यात किंवा शेंगा धरताना रूळ फिरवला तरच ते नक्की मरते. नांगराने गाडणाऱ्यासाठी उशिराची असलेली वेळ रूळ फिरवणाऱ्यासाठी योग्य ठरते. आपल्याकडे डाळिंब आणि केळीच्या बागांतून ताग कापून ओळीत अंथरणाऱ्यांचा अनुभव असाच आहे. कोवळा पाला उन्हात काही दिवसांत सुकून नाहीसा होतो, थोडा जून ताग मात्र जमीन झाकून ठेवतो आणि तणालाही दाबतो.

जून अवशेषांतूनच टिकाऊ कर्ब बनतो, या कल्पनेला मात्र अलीकडच्या मृदाशास्त्राने प्रश्न विचारले आहेत. २०१३ मध्ये कोट्रुफो आणि सहकाऱ्यांनी मांडले की जमिनीत दीर्घकाळ टिकणारा बराचसा कर्ब हा मेलेल्या सूक्ष्मजीवांच्या शरीरांचा असतो आणि तो चिकणमातीच्या कणांना चिकटून टिकतो. चांगल्या प्रतीचा, लवकर पचणारा पाला जिवाणू अधिक कार्यक्षमतेने अंगी लावतात, म्हणून टिकाऊ कर्बात त्याचा वाटा मोठा असू शकतो. २०१५ मध्ये लेमान आणि क्लेबर यांनी ह्यूमस हा स्वतंत्र, अविनाशी पदार्थ असतो या जुन्या समजुतीलाच आव्हान दिले. दुसऱ्या टोकाला जुने आक्षेपही आहेत. लोहनिस यांनी १९२६ मध्ये दाखवले होते की ताजा द्विदल पाला गाडला की जमिनीतल्या जुन्या सेंद्रिय द्रव्याचे कुजणेही वेगाने होऊ लागते. १९५५ मध्ये जॉफ यांनी हिरवळीच्या खताने जमिनीतले सेंद्रिय द्रव्य वाढते, हा समजच तपासायला घेतला आणि त्याला फारसा आधार नसल्याचे मांडले.

हे सगळे एकत्र वाचले की एवढे म्हणता येते: चिपळूणकरांचे निरीक्षण जमिनीच्या भुसभुशीतपणाबद्दल आणि पाणी मुरण्याबद्दल आहे, आणि तिथे ते खरे वाटते, कारण काड्या आणि मुळांच्या नळ्या मातीची रचना मोकळी ठेवतात. टिकाऊ कर्बाचे रसायन मात्र त्याहून गुंतागुंतीचे आहे. तिथे कोवळे विरुद्ध जून असा सरळ निकाल देता येत नाही.

एकदाच गाडण्याची सक्ती न मानणारे

तिसरा प्रवाह म्हणतो की एकच तारीख कशाला. श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून पाल्याच्या वयाकडे लक्ष वेधले. कोवळे, भरलेले आणि जून असे तिन्ही वयांचे अवशेष जमिनीला वेगवेगळे काही देतात, ही त्यांची मांडणी. त्यांच्या विचारातून पुढे आलेल्या अमृतमातीच्या पद्धतीत धान्ये, कडधान्ये, गळिताची व मसाल्याची बियाणी मिसळून पेरतात आणि साधारण २१, ४२ व ६३ दिवसांनी टप्प्याटप्प्याने कापून मातीत मिसळतात. परसबागेत आणि छोट्या वाफ्यांत ही पद्धत सुरेख चालते. एकरांच्या हिशोबात तिची मजुरी परवडत नाही, ही तिची खरी अडचण.

याच प्रवाहात मूग किंवा चवळी घेणारे शेतकरी येतात. शेंगा तोडून घ्यायच्या आणि उरलेला हिरवा पाला लगेच गाडायचा. नत्राचा मोठा भाग दाण्यांबरोबर घरी जातो, त्यामुळे खत म्हणून हे पीक तागाच्या बरोबरीचे नाही. पण हंगाम खतासाठी रिकामा घालवला, असे होत नाही. माझ्या पाहण्यात लहान शेतकऱ्याने हिरवळीचे खत सोडून देण्याचे मुख्य कारण हंगाम बुडण्याची भीती हेच आहे. त्यामुळे शास्त्राच्या दृष्टीने दुय्यम असलेला हा मार्ग व्यवहारात पहिला ठरतो. यात वेळ जपायची ती शेवटच्या तोडणीनंतरची. पाने गळण्याआधी गाडले तर पदरात काही पडते, आठवडाभर रेंगाळले तर फक्त काड्या उरतात.

गाडल्यानंतरचे दिवस: पाणी ठरवते ते

दुसरी वेळ, म्हणजे गाडणी ते पेरणी यांतले अंतर, ही पीकपद्धतीप्रमाणे इतकी बदलते की एक आकडा देणे चुकीचेच ठरेल.

भाताचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. पूर्वी सल्ला असे की धैंचा गाडून दोन-तीन आठवडे कुजू द्यावा आणि मग लावणी करावी, नाहीतर कुजताना निघणारी आम्ले रोपांना बाधतील. पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगांनी हा सल्ला बदलला. सहा ते आठ आठवड्यांचा धैंचा लावणीच्या आदल्या दिवशी गाडला तरी चालते, असे तिथे आढळले आणि तशी शिफारसही झाली. कारण समजून घेण्यासारखे आहे. कोवळा धैंचा उष्ण, पाणी भरलेल्या चिखलात पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बराचसा नत्र सोडतो. पाणी टिकून असेल तर तो अमोनियमच्या रूपात मातीच्या कणांना धरून राहतो. आधी गाडून रान ओले-कोरडे होऊ दिले तर त्याचे नायट्रेट होते आणि नंतर पाणी भरले की ते वायू होऊन निघून जाते. वाट पाहण्यातच नुकसान होते.

कोकणात धैंचा जागेवर वाढवायला वेळच नसतो. पाऊस जूनमध्ये सुरू होतो आणि लावणी जुलैत असते. म्हणून तिथे बांधावरचे गिरिपुष्प कामाला येते. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत त्याची वेळ नेमकी बसवली आहे. चिखलणीच्या सुमारे सात दिवस आधी, गुंठ्याला ३० किलोच्या हिशोबाने, फांद्या खाचरात पसरायच्या. आठवड्यात पाने देठापासून सुटून पाण्यात पडतात. मग उघड्या काठ्या गोळा करून चुलीला न्यायच्या आणि पाने चिखलात तुडवायची. कर्ब-नत्राच्या भाषेत सांगायचे तर नत्राने भरलेली पाने रानात राहिली आणि चिवट खोड बाहेर आले. वर्गवारीचे हे काम इतक्या सहज करणारी दुसरी पद्धत मला ठाऊक नाही.

सोलापूरकडच्या रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात चित्र उलटे आहे. खरिपात रान पड ठेवायचे, सप्टेंबरच्या पावसाची ओल धरायची आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ज्वारी पेरायची, ही तिथली जुनी रीत. या पडीच्या काळात ताग घेऊन ऑगस्टच्या सुरुवातीला गाडावा का? बाजूने असे म्हणतात की उघड्या रानातून पावसाचे पाणी नाहीतरी वाहून जाते नि उडून जाते. तागाने जमीन झाकली तर धूप थांबते, पाणी मुरते आणि सप्टेंबरमध्ये भारी जमीन पुन्हा भरते. विरोधात म्हणतात की सप्टेंबरचा पाऊस दगा देणारा आहे. तो दगा देतो त्या वर्षी तागाने प्यायलेले पाणी ज्वारीला कमी पडते आणि ओलाव्याअभावी ताग कुजतही नाही. हॉवर्ड यांनी सांगितलेला धोका हाच. दोन्ही बाजू आपापल्या वर्षी खऱ्या ठरतात. इथे वयापेक्षा पाऊस पाहून लवकर गाडणे, अगदी ३५-४० दिवसांतही, मला शहाणपणाचे वाटते. थोडे नत्र गमावले तरी ओल वाचते आणि कुजायला पाच-सहा आठवडे मिळतात.

उसात वेळ ऊसच ठरवतो. आडसाली लागणीत सरीच्या बगलेला ताग किंवा धैंचा टोकला तर सहा-सात आठवड्यांत त्याची सावली उसाच्या फुटव्यांवर पडू लागते. तो बाळबांधणीच्या सुमारास उपटून किंवा कापून सरीत दाबला नाही तर खत मिळते पण फुटवे घटतात. सांगली-कोल्हापूरच्या क्षारपड पट्ट्यात धैंच्याचा हेतू आणखी वेगळा आहे. तिथे कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि आम्ले मातीतला चुना थोडा विरघळवतात, मुळे निचऱ्याला वाट करून देतात. त्यामुळे भरपूर पाला आणि खोल मुळे यांसाठी थोडे थांबणेही मान्य केले जाते.

बारीक बियांच्या पिकांसाठी एक सावधगिरी सर्वच बाजू मान्य करतात. ताजा पाला गाडल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मातीत रोपे कोलमडवणारी बुरशी वाढते आणि तागाचा रसही लहान बियांची उगवण रोखतो. कांदा, मिरची, भाजीपाला यांसाठी हे अंतर पाळावेच लागते. उसाच्या कांडीला किंवा कपाशीच्या सरकीला त्याचा धोका कमी.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न पुढच्या पिकाच्या वाट्याचा. पाल्यातल्या नत्रावर खूण करून केलेल्या कोरडवाहू जमिनींतल्या अनेक प्रयोगांत असे दिसले की पुढचे पीक त्यातला साधारण १० ते २५ टक्के नत्रच उचलते. उरलेला बराचसा जमिनीत राहतो, काही वाया जातो. मग ६५ किलो नत्र म्हणजे युरियाची तीन पोती, हा वर केलेला हिशोब पहिल्या हंगामापुरता फारच उदार ठरतो. जमिनीत राहिलेला नत्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी किती मिळतो आणि गाडण्याचे वय बदलले तर हा वाटा कसा बदलतो, यावर आपल्या काळ्या जमिनींत दीर्घ मुदतीचे काम हवे आहे.

दुसरा मुळांचा. बहुतेक शिफारशी जमिनीवरचा पाला तोलून केल्या गेल्या. द्विदल पिकाचा नत्र मुळांत आणि मुळांभोवतीच्या मातीत पूर्वी समजले जाई त्यापेक्षा बराच जास्त असतो, हे आता मान्य झाले आहे. पाला कापून बागेत नेला आणि मुळे जागेवर राहिली, तर त्या रानाला किती मिळाले? कापून नेणाऱ्यांसाठी आणि जागेवर गाडणाऱ्यांसाठी योग्य वय एकच असेल, असे मानायला आधार नाही.

तिसरा भाताच्या खाचरातला. पाण्याखाली ताजा पाला कुजला की मिथेन वाढतो. लावणीच्या आदल्या दिवशी गाडणे नत्रासाठी उत्तम, पण वायूसाठी तोट्याचे असू शकते. मधे एकदा पाणी काढून खाचर सुकवल्याने मिथेन कमी होतो, मात्र तसे केले की धरून ठेवलेल्या नत्राचे पुन्हा नायट्रेट होण्याची वाट मोकळी होते. पाणी कोणत्या आठवड्यात काढावे म्हणजे दोन्ही सांभाळले जाईल, हे कोकणातल्या पावसात, जिथे खाचर सुकवणे शेतकऱ्याच्या हातातच नसते, कसे बसवायचे ते अजून कुणी नीट सांगितलेले नाही.

आणि चौथा प्रश्न अवजारांचा, ज्याला संशोधनात फारच कमी जागा मिळते. पूर्वी बैलाच्या पाट्याने पीक नांगराच्या दिशेने आडवे पाडत आणि लोखंडी नांगराने ते पाच-सहा इंच खोल झाकत. खोलवर ओल टिकते आणि कुजणे चालू राहते. आज रोटाव्हेटर पाला बारीक करतो, पण वरच्या तीन-चार इंचांत मिसळतो. तिथे माती लवकर वाळते, तुकडे केलेला पाला वेगाने सुटतो आणि काही नत्र अमोनिया होऊन उडतो. पन्नास दिवसांची शिफारस झाली तेव्हा मनात नांगर होता. बारीक तुकडे होणार असतील तर पीक आठ-दहा दिवस जास्त जून झालेले चालेल का, की धागा पात्यांत अडकतो म्हणून उलट आधीच उरकावे लागेल? याचे उत्तर मिळवायला प्रयोगशाळा लागत नाही. एकाच रानात तीन पट्टे, तीन तारखा, तेच अवजार आणि पुढच्या पिकाचे प्रत्येक पट्ट्याचे वेगळे वजन, एवढ्यावर सुरुवात करता येते. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कृषी विज्ञान केंद्रांनी आणि शेतकरी गटांनी सलग काही वर्षे हे केले, तर सोलापूरचा आकडा, चिपळूणचा आकडा आणि शिरोळचा आकडा वेगवेगळे छापता येतील.